दोरी, कॉइल आणि फुटबॉलएवढी पृथ्वी

छंदघर : वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

रॉकेट न वापरता अंतराळात सामान पोचवायच्या ज्या कल्पना आहेत, त्यांची छोटी मॉडेलं घरी करण्याच्या छंदाबद्दल मी दोन महिन्यांपूर्वी या सदरात लिहिलं होतं. आकाशातून लोंबणाऱ्या दोरावरून चढणारा स्पेस एलिव्हेटर, विजेच्या कॉइलने सामान फेकणारा मास ड्रायव्हर आणि धावत्या लोखंडी पट्ट्याच्या जोरावर उभा राहणारा लॉन्च लूप, अशा तीन कल्पना त्यात होत्या. त्यावर इतकी पत्रं आली की सगळ्यांना उत्तर देणं एका अंकात जमणार नाही. जे प्रश्न पुन्हा पुन्हा आले ते घेते.

पहिल्यांदाच वाचणाऱ्यांसाठी एवढंच सांगते, की माझे वडील कोल्हापूरच्या उद्यमनगरात मोटर रिवाइंडिंग करायचे. तार गुंडाळायला मी त्यांच्याच दुकानात शिकले. पुढे अठ्ठावीस वर्षं कॉलेजच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत काढली. तेव्हा कॉइलचा विषय निघाला की माझं उत्तर लांबतं, ते सांभाळून घ्या.

प्रश्न : ताई, मी नववीत आहे. विज्ञान प्रदर्शनासाठी मी प्लॅस्टिकच्या पन्हळीत चार चुंबकं चिकटवून सायकलचे छर्रे उडवणारं मॉडेल केलंय. शेवटचा छर्रा सुसाट जातो. त्याला ‘मास ड्रायव्हर’ असं नाव दिलं तर चालेल का? – विटा, जि. सांगली

तुझा छर्रा सुसाट जातो, कारण तू मांडणी नीट केली आहेस. शाबास. पण ते नाव देऊ नकोस. प्रदर्शनात परीक्षकांनी एकच प्रश्न विचारला, “यात ऊर्जा कुठून आली?”, तर तुझ्याकडे खरं उत्तर हवं.

बघ, चुंबकाच्या पुढच्या बाजूला दोन छर्रे चिकटलेले असतात. मागून तू तिसरा सोडतोस. चुंबक त्याला ओढतो, तो वेगात येऊन आदळतो आणि तो धक्का पलीकडच्या टोकाच्या छर्ऱ्यापर्यंत पोचतो. टोकाचा छर्रा चुंबकापासून लांब, म्हणून सैल धरलेला. तो सुटतो. आता पुन्हा उडवायचं म्हटलं तर मागे चिकटलेला छर्रा तुला नखाने ओढून काढावा लागतो ना? त्या वेळी बोटांना जो जोर लागतो, तीच पुढच्या उडीची ऊर्जा. चुंबक फक्त उसनं देतो आणि तू फेडतोस. हे तक्त्यावर असंच लिही. आणि ती निओडिमियमची चुंबकं लहान भावंडांच्या हाती लागू देऊ नकोस. दोन चुंबकं गिळली गेली तर आतडं मध्ये चिमटतं आणि थेट ऑपरेशनची वेळ येते.

मास ड्रायव्हरमध्ये ऊर्जा विजेतून येते, आणि ती टप्प्याटप्प्याने, नेमक्या वेळी द्यावी लागते. प्रिन्स्टनचे प्राध्यापक जेरार्ड ओनील यांना चंद्रावरची खनिजं रॉकेटशिवाय अंतराळात फेकायची होती. १९७६-७७ साली ते एमआयटीत होते. तिथे त्यांनी, हेन्री कोल्म यांनी आणि विद्यार्थ्यांनी मिळून पहिलं चालतं मॉडेल केलं, त्याचं नाव ‘मास ड्रायव्हर वन’. खर्च सुमारे २,००० डॉलर. त्याने गुरुत्वाच्या तीसपटीहून जास्त त्वरण दिलं. टेबलावर मावणाऱ्या गोष्टीतून त्यांनी जगाला दाखवलं की हिशेब जुळतो. म्हणून तुझ्यासारख्याने या रस्त्याला जावं असं मला मनापासून वाटतं.

एका कॉइलपासून सुरुवात कर. बॉलपेनची रिकामी जाड नळी घे, बाहेरून ९ मिलिमीटरच्या आसपास. तीन सेंटिमीटर लांबीवर २४ गेजच्या सुपर एनॅमल तारेचे २०० वेढे घाल, म्हणजे साधारण चार थर होतील. तार सव्वासात मीटर लागते. वेढे शेजारी शेजारी, एकावर एक न चढता बसले पाहिजेत. वडील म्हणायचे, डोळे मिटून बोट फिरवलं तर कापड लागलं पाहिजे, कंगवा नाही. प्रत्येक थरावर कागदी टेपचा एक वेढा दे. या कॉइलचा रोध अर्धा ओहम येतो, म्हणजे १२ व्होल्टच्या यूपीएसच्या बॅटरीवर चोवीसेक अँपिअर करंट जाईल. दचकू नकोस, तो जेमतेम पंचवीस मिलिसेकंद वाहणार आहे. पण मालिकेत गाडीचा १० अँपिअरचा फ्यूज घालायचाच. क्षणभराचा झटका तो सोसतो, काही अडकून करंट चालूच राहिला तर वितळतो.

फेकायला ६ मिलिमीटर जाडीच्या मऊ लोखंडी सळईचा २५ मिलिमीटरचा तुकडा घे. वजन साडेपाच ग्रॅम भरेल. टोकं कानशीने गोल कर. करंट चालू-बंद करायला मॉसफेट, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्विच, आणि त्याला वेळेवर हुकूम देणारं अर्डुइनो हे छोटं संगणकी बोर्ड. मॉसफेट आयआरएलझेड४४ मागायचा, आयआरएफझेड४४ नाही; अर्डुइनोच्या ५ व्होल्टला दुसरा पुरता उघडत नाही आणि तापून जातो.

आता यातला खरा गाभा. कॉइल लोखंडाला आपल्या मध्याकडे ओढते. तुकडा मध्यावर पोचला तरी करंट चालूच असेल, तर तीच कॉइल त्याला मागे खेचते. म्हणून किती वेळ करंट द्यायचा हाच सगळा प्रयोग. माझ्या टेबलाची उंची ७६ सेंटिमीटर आहे. नळी टेबलाच्या कडेला आडवी ठेवली, खाली फरशीवर कार्बन पेपर पसरला आणि तुकडा कुठे पडतो ते मोजलं. १० मिलिसेकंदांना तो ४१ सेंटिमीटरवर पडला, १८ ला ८० वर, २४ ला ९५ वर. मग ३० केले तर ७२! आणि ४० मिलिसेकंदांना तुकडा नळीतून बाहेरच आला नाही, आतल्या आत दोनदा हेलकावला आणि थांबला. हा आलेख तू स्वतः काढ. चढणारी आणि पुन्हा उतरणारी रेघ कागदावर उमटताना बघणं, यासारखा आनंद नाही.

वेग काढायचा तर ७६ सेंटिमीटर पडायला ०.३९ सेकंद लागतात. ९५ सेंटिमीटर भागिले तेवढा वेळ, म्हणजे सेकंदाला २.४ मीटर. तीन कॉइल लावल्या तर वेग तिप्पट होईल असं सगळ्यांना वाटतं. तसं होत नाही. बेरीज ऊर्जेची होते, वेगाची नाही. उत्तम जमलं तरी २.४ चे ४.२ होतात. मला ३.६ मिळाले. आणि बॅटरीने दिलेल्या ऊर्जेतली एक टक्कासुद्धा तुकड्याच्या वाट्याला येत नाही, बाकी सगळी तार तापवण्यात जाते. हेही तक्त्यावर लिही. परीक्षक खूश होतात ते अशा आकड्यांवर.

एक गोष्ट हात जोडून सांगते. बऱ्याच जणांनी कॅमेऱ्याच्या फ्लॅशचा कपॅसिटर लावू का असं विचारलंय. नको. मी कॉलेजात असताना तसा केला होता. ३०० व्होल्टला भारलेला कपॅसिटर, बटण दाबून रिकामा झाला असं समजून मी उचलला. झटक्याने कोपर मागच्या फडताळावर आपटलं, हात संध्याकाळपर्यंत बधिर होता. नंतर वडिलांनी स्क्रू-ड्रायव्हरने त्याची टोकं जोडून उरलेला भार काढला, तर पात्याच्या टोकाला मसुराएवढा खड्डा पडला. तो स्क्रू-ड्रायव्हर मी अजून ठेवलाय. १२ व्होल्टवर सगळं शास्त्र शिकता येतं. त्याहून जास्त नको.

प्रश्न : आमच्या सोसायटीतल्या मुलांबरोबर स्पेस एलिव्हेटरचं मॉडेल करतो आहोत. पतंगाला किंवा गॅसच्या फुग्यांना दोर बांधून त्यावर चढणारी गाडी सोडायचा विचार आहे. दोर कोणता घ्यावा? आणि मॉडेल प्रमाणात कसं करायचं? – फोंडा, गोवा

पतंग-फुग्यांचं आधी निकाली काढते. नायलॉन मांजा अजिबात नको. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ साली त्यावर देशभर बंदी घातली आहे आणि ती योग्यच आहे, पक्षी आणि दुचाकीवाले त्याने मरतात. जत्रेतल्या फुग्यांत बऱ्याचदा हायड्रोजन असतो, तो पेट घेतो. हेलियम घेतला तर एक लिटर साधारण एक ग्रॅम उचलतो. ३० सेंटिमीटरचा फुगा स्वतःचं वजन वजा जाता दहा-अकरा ग्रॅम. तुमची गाडी दोनशे ग्रॅमची असेल तर वीस फुगे लागतील, आणि वारा आला की सगळं आडवं. सोसायटीच्या जिन्याच्या मधली मोकळी जागा वापरा. वरच्या कठड्याला फीत बांधा, खाली ओळंब्यासारखं वजन लावा. पाऊस नाही, वारा नाही, आणि मुलं प्रत्येक मजल्यावर उभी राहून वेळ नोंदवू शकतात.

गाडीसाठी पिवळी बीओ मोटर (खेळण्यांत असते ती, गिअरवाली), तिच्या चाकाला दाबून धरणारं दुसरं रबरी चाक, आणि दोन्हींच्या चिमटीतून जाणारी फीत. सॅटिनची फीत दिसते छान पण घसरते. परकराची सुती नाडी घ्या, चपटी विणलेली. दाब कमी झाला तर चाक जागीच फिरतं, जास्त झाला तर मोटर गुदमरते. मध्ये रबरबँड ठेवून एकेक वेढा वाढवत जा.

आता प्रमाणाचं. हा भाग मला फार आवडतो. २२ सेंटिमीटरचा फुटबॉल म्हणजे पृथ्वी धरा. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक सुमारे ४०० किलोमीटरवर फिरतं. फुटबॉलपासून ते फक्त ७ मिलिमीटरवर येईल. मुलांना आधी अंदाज करायला सांगा, बहुतेक जण हातभर लांब दाखवतात. भूस्थिर कक्षा, जिथला उपग्रह पृथ्वीवरच्या एकाच जागेच्या डोक्यावर राहतो, ती ३५,७८६ किलोमीटरवर, म्हणजे ६२ सेंटिमीटर. स्पेस एलिव्हेटरचा आराखडा करणारे अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ ब्रॅडली एडवर्ड्स यांचा दोर १,००,००० किलोमीटरचा, म्हणजे पावणेदोन मीटर. जपानच्या ओबायाशी कंपनीने २०१२ मध्ये जाहीर केलेल्या योजनेत ९६,००० किलोमीटर, तेही जवळपास तेवढंच. शिवणकामाचा साधा दोरा या प्रमाणात दहा-बारा किलोमीटर रुंद होतो. त्यामुळे चढणारी गाडी आणि पृथ्वी एकाच प्रमाणात करताच येत नाही. दोन वेगळी मॉडेलं करा. एक चढण्याचं, जिन्यात. दुसरं दोर ताठ का राहतो याचं.

दुसऱ्यासाठी फिरती खुर्ची घ्या. बैठकीवर फुटबॉल टेपने पक्का बसवा, त्याच्या मध्यरेषेवर पावणेदोन मीटर दोरा चिकटवा, टोकाला खोडरबर बांधा. खुर्ची हळू फिरवली की दोरा आधी लोळतो, मग उचलतो आणि आडवा ताठ होतो. खालून कोणी ढकलत नाही, वरून कोणी धरलेलं नाही. रशियात त्सिओल्कोव्हस्की यांनी १८९५ साली आयफेल टॉवर डोळ्यांसमोर ठेवून उंच मनोऱ्याचा विचार केला, पण तेवढा मनोरा स्वतःच्याच वजनाखाली चेंगरतो. १९६० साली लेनिनग्राडचे अभियंता युरी आर्त्सुतानोव यांनी उलटं मांडलं, की मनोरा खालून उभारू नका, दोर वरून सोडा. तुमचा खोडरबर तेच दाखवतोय.

“दोर कोणता?” या प्रश्नातच सगळी अडचण दडली आहे. म्हणून तो मुलांकडून मोजून घ्या. माझ्याकडे पॉलिएस्टर दोऱ्याचं १,००० मीटरचं रीळ होतं. त्यातल्या दोऱ्याचं वजन भरलं २७ ग्रॅम. वीतभर दोऱ्याला रिकामी बाटली टांगली आणि पाणी ओतत गेले. दोरा एका बाजूने पिळाचा एकेक पदर सोडायला लागला, केसासारखे तंतू बाहेर आले, आणि टप्पकन तुटला. बाटली पाण्यासकट १,०५० ग्रॅम. म्हणजे हा दोरा कुठूनतरी सरळ खाली लोंबत ठेवला तर सुमारे ३९ किलोमीटर लांबीला स्वतःच्या वजनानेच तुटेल. उत्तम पोलादी तारेचा हाच आकडा पंचवीस-तीस किलोमीटर येतो. शिवणाचा दोरा वजनाच्या मानाने पोलादाला हरवतो, हे कळल्यावर मुलं मला दोन-दोनदा विचारतात. बुलेटप्रूफ जॅकेटात वापरतात त्या केव्हलर धाग्याचा अडीचशेच्या आसपास. आणि सगळीकडे सारख्या जाडीचा स्पेस एलिव्हेटर करायचा तर हा आकडा लागतो सुमारे ४,९०० किलोमीटर. मध्ये जाड, टोकांना बारीक असा दोर केला तर कमी ताकदीवर भागतं, पण पोलादाच्या बाबतीत ती जाडी हाताबाहेर जाते. म्हणून सगळे कार्बन नॅनोट्यूबकडे, म्हणजे कार्बनच्या अतिसूक्ष्म आणि अतिबळकट नळ्यांकडे, डोळे लावून बसले आहेत. तेवढ्या लांबीचा, तेवढ्या ताकदीचा दोर अजून कोणी विणलेला नाही.

जिन्यातल्या गाडीचा एक हिशेब फळ्यावर मांडाच. १८० ग्रॅमची गाडी दहा मीटर चढली तर साडेसतरा ज्यूल लागले. एका साध्या लिथियम सेलमध्ये सव्वीस हजारांहून जास्त ज्यूल असतात. मग मुलं म्हणतील, सेलवरच वरपर्यंत जाऊ. पण एक किलो वजन भूस्थिर कक्षेपर्यंत नेण्याला, काहीही वाया गेलं नाही असं धरलं तरी, साडेतेरा युनिट वीज लागते. एक किलो लिथियम बॅटरीत मावते पाव युनिट. बॅटरी स्वतःलाच वर नेऊ शकत नाही! म्हणून वीज खालून पाठवायची. नोव्हेंबर २००९ मध्ये कॅलिफोर्नियाच्या मोजावे वाळवंटात हेलिकॉप्टरला टांगलेल्या जवळजवळ किलोमीटरभर केबलवर, जमिनीवरच्या लेझरचा उजेड सौर पट्टीवर घेत एक गाडी चढली होती. लेझरमोटिव्ह या चमूला त्याबद्दल नासाच्या स्पर्धेचे ९ लाख डॉलर मिळाले.

तुम्ही घरी लेझर वापरू नका, डोळे जातात. लग्नात व्हिडिओवाले लावतात तो हॅलोजन घ्या. साठेक ग्रॅमची हलकी गाडी करा, पोटाशी खाली तोंड करून छोटी सौर पट्टी लावा आणि हॅलोजन फरशीवर वर तोंड करून ठेवा. अर्ध्या मीटरवर गाडी उत्साहाने निघते, मीटरभरावर रेंगाळते, दीड मीटरच्या पुढे दमते. अंतर वाढलं की उजेड पसरतो, हे सांगावं लागत नाही. हॅलोजनच्या वर नाडी लोंबू देऊ नका, पेटेल. शेजारी मोठं माणूस हवंच.

प्रश्न : मुलीला वाढदिवसाला एक खेळणं मिळालंय. दोन चाकं फिरतात आणि दोऱ्याचं वेटोळं हवेत उभं राहतं. तुमच्या लेखातला लॉन्च लूप तो हाच का? – डोंबिवली

नात्यातला आहे, पण तोच नाही. आणि फरक समजून घेण्यासारखा आहे.

अमेरिकी अभियंता कीथ लॉफस्ट्रॉम यांनी १९८० च्या दशकात मांडलेला लॉन्च लूप २,००० किलोमीटर लांब आणि ८० किलोमीटर उंच आहे. हवा काढलेल्या नळीत पाच सेंटिमीटर जाडीचा लोखंडी पट्टा सेकंदाला १४ किलोमीटर वेगाने धावतो. धावत्या पट्ट्याला चुंबकांनी किंचित खाली वळवलं की तो उलट वरच्या बाजूला जोर देतो, आणि त्या जोरावर सगळा डोलारा उभा. बागेत नळाची रबरी नळी वाकवली की हाताला धक्का लागतो ना, तसाच.

एवढी लांबी कशाला, असं दुसऱ्या एका पत्रात विचारलंय. माणसाला गुरुत्वाच्या तिप्पट त्वरणात बसवून कक्षेचा वेग, म्हणजे सेकंदाला ७.८ किलोमीटर, द्यायचा तर १,०३५ किलोमीटरचा रस्ता लागतो. आपला समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा आहे. त्याच्या दीडपट रस्ता, एकही वळण नाही आणि सगळा वेळ छातीवर तिप्पट वजन.

तुमच्या मुलीच्या खेळण्यातला दोरा मात्र हवेमुळे उभा राहतो. २०१९ मध्ये फ्रान्समधल्या भौतिकशास्त्रज्ञांनी याचा अभ्यास करून दाखवलं की दोऱ्याला हवेचं जे घर्षण होतं तेच त्याला तोलून धरतं. म्हणजे लॉन्च लूपमध्ये जी हवा मुद्दाम काढून टाकायची, तिच्याच आधारावर हे खेळणं चालतं. लेकीला घेऊन पडताळून बघा. खेळण्याच्या दोऱ्याऐवजी तेवढ्याच लांबीचं लोकरीचं वेटोळं लावा, मग तंगूस लावा. लोकर केसाळ, ती टेचात उभी राहते. गुळगुळीत तंगूस खाली ओथंबतो. गाठ मारू नका, चाकात ती दर फेरीला टकटक आपटते आणि वेटोळं उसळतं; दोन्ही टोकं तिरकी कापून एकमेकांवर ठेवा आणि बारीक सुईने चार टाके घाला. मुलीचे केस मात्र आधी बांधा. ही चाकं केस ओढून घेतात.

मग धावत्या दोऱ्याला बोटाने हलकेच टिचकी मारून बघा. पडलेला पोक तिथेच हवेत राहतो, किंवा अगदी सावकाश सरकतो. दोरा धावतोय आणि त्याचा आकार उभा आहे, हे जे डोळ्यांना दिसतं, ते लॉफस्ट्रॉम यांच्या कल्पनेशी खरंखुरं जुळतं. माझी भाची पहिल्यांदा हे बघून अर्धा तास जेवायला उठली नव्हती.

प्रश्न : स्पिनलॉन्च या अमेरिकी कंपनीसारखं गोल गरागरा फिरवून फेकायचं मॉडेल पिंपात ड्रिल मशीन बसवून करतोय. हाताची लांबी ५० सेंटिमीटर. काही सूचना? – भोसरी, पुणे

करू नका, हीच सूचना. रागावू नका, तुमचाच आकडा घेऊन सांगते. ड्रिल मिनिटाला ३,००० फेरे घेतं. ५० सेंटिमीटरच्या हाताचं टोक सेकंदाला १५७ मीटर, म्हणजे ताशी ५६५ किलोमीटर वेगाने फिरेल. टोकाला दहा ग्रॅमचा नट असला तरी तो पन्नास किलोच्या जोराने बाहेर ओढणार. ड्रिलच्या चकचं काम भोक पाडण्याचं आहे, बाजूने पन्नास किलो झेलण्याचं नाही. हात तुटला तर पिंपाचा पत्रा तुम्हाला वाचवणार नाही. न्यू मेक्सिकोत स्पिनलॉन्चने ऑक्टोबर २०२१ मध्ये पहिली चाचणी केली, ती ३३ मीटर व्यासाच्या, हवा काढलेल्या पोलादी कोठीत, आणि माणसं लांब ठेवून.

तुम्हाला त्यातला कठीण भाग अनुभवायचा असेल तर तो वेगात नाही, सोडण्याच्या क्षणात आहे. सेकंदाला ५० फेरे असताना सोडायला एक मिलिसेकंद उशीर झाला तर दिशा १८ अंशांनी चुकते. स्पंजचा चेंडू, मीटरभर सुतळी, सेकंदाला एक फेरा आणि मोकळं मैदान घ्या. गोफण फिरवून भिंतीवरच्या खडूच्या वर्तुळात किती वेळा बसतो ते मोजा. मग सोडायला छोटा सर्व्हो, म्हणजे हुकूम मिळताच ठरावीक कोनात फिरणारी मोटर, लावा आणि पुन्हा मोजा. एवढं करून मला कळवा, पुढचं आपण मिळून ठरवू.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक. हे प्रकल्प कागदावरच राहणार असं दिसतं. नातवंडांचा वेळ यात घालवणं बरोबर आहे का? – रत्नागिरी

सर, तुमचा प्रश्न मी दोन दिवस मनात घोळवला. दोर अजून नाही, लूप अजून नाही, हे खरं आहे. कॅनडाचे जेराल्ड बुल यांनी मात्र नौदलाच्या जुन्या १६ इंची तोफेतून १९६६ साली ॲरिझोनात एक प्रक्षेप्य १८० किलोमीटर उंच उडवलं होतं. म्हणजे रॉकेटशिवाय अंतराळाची हद्द ओलांडलेली आहे. कक्षेत मात्र ते गेलं नाही, कारण वर जाणं वेगळं आणि आडव्या वेगाने फिरत राहणं वेगळं. शिझुओका विद्यापीठाने २०१८ मध्ये दहा-दहा सेंटिमीटरचे दोन चौकोनी उपग्रह आणि त्यांच्यामधल्या दोरावर चालणारी इवलीशी गाडी अंतराळात पाठवली. तीही आपल्या जिन्यातल्या गाडीएवढीच.

पण तुम्हाला सांगावीशी वाटते ती नॉर्वेच्या क्रिस्तियान बिर्केलांड यांची गोष्ट. ध्रुवीय प्रकाशाचा अभ्यास करणारे हे भौतिकशास्त्रज्ञ. त्यांनी १९०१ साली कॉइलच्या तोफेचं पेटंट घेतलं. १९०३ साली राजधानीच्या विद्यापीठाच्या सभागृहात, निमंत्रितांनी खुर्च्या भरलेल्या असताना, त्यांनी कळ दाबली. गोळा सुटायच्या ऐवजी शॉर्टसर्किट होऊन डोळे दिपवणारी ठिणगी उडाली, प्रचंड आवाज झाला आणि प्रयोग फसला. त्याच सुमाराला उद्योजक साम आयडे हवेतल्या नायट्रोजनपासून खत करण्याच्या मागे होते आणि त्यांना हवी होती विजेची प्रखर ज्योत. बिर्केलांड यांच्याकडे ती होती. दोघांनी मिळून पद्धत बसवली, १९०५ साली नॉर्स्क हायड्रो कंपनी उभी राहिली आणि हवेतून खत तयार व्हायला लागलं.

नातवंडांना तोफेचीच गोष्ट आधी सांगा, खताची नंतर. आणि रत्नागिरीत असाल तर पाऊस सुरू व्हायच्या आत कॉइलला वार्निशचे दोन हात द्या. दमट हवेत तारेच्या टोकांना सोल्डर धरत नाही. इथे कोल्हापुरातसुद्धा जुलैत मी टोकं ब्लेडने खरवडून लगेच, त्याच मिनिटाला सोल्डर करते.

दुरुस्ती : दोन महिन्यांपूर्वीच्या लेखात कॉइलला समांतर लावायच्या डायोडची (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) दिशा माझ्याकडून उलटी लिहिली गेली. रुपेरी पट्टा असलेलं टोक बॅटरीच्या धन बाजूकडे यायला हवं, ऋण बाजूकडे नाही. ज्यांनी छापल्याप्रमाणे जोडलं त्यांचा फ्यूज पहिल्याच झटक्याला गेला असेल, त्यांची मी मनापासून क्षमा मागते. फ्यूज नवा घालण्याआधी डायोड बदला, १एन५४०८ चालेल, आणि मॉसफेटही मीटर लावून तपासा. तो आतून जोडला गेला असेल तर नवा फ्यूजही जाईल.